आइन्स्टाइनना अडवणारे डोळ्यांचे डॉक्टर

डोळ्यांच्या ओपीडीत कधी गेला असाल तर ते यंत्र तुम्हाला आठवेल. स्टुलावर बसायचं, हनुवटी एका आधारावर टेकवायची, कपाळ पुढच्या पट्टीला लावायचं आणि डॉक्टर सांगतील तिकडे बघायचं. मग खोलीतला दिवा मालवतात आणि प्रकाशाची एक बारीक उभी फट डोळ्यावरून हळूहळू सरकते. डोळे दिपतात, पाणी येतं, पण दोन मिनिटांत तपासणी आटोपते. या यंत्राला स्लिट लॅम्प म्हणतात. मोतीबिंदू किती पिकला आहे, बुबुळावर ओरखडा आहे का, डोळ्याच्या आत सूज आहे का, हे त्या फटीच्या प्रकाशात दिसतं. आमच्या सरकारी रुग्णालयात रोज सकाळी या टेबलासमोर रांग असते.

हा दिवा वैद्यकाला देणाऱ्या माणसाचं नाव अल्वार गुलस्ट्रँड. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ, १९११ चे वैद्यकशास्त्रातले नोबेल विजेते. त्यांची आणखी एक ओळख आहे आणि ती फारशी कौतुकाची नाही. आइन्स्टाइन यांना सापेक्षता सिद्धांतासाठी नोबेल मिळालं नाही, त्यामागे ज्यांचा मोठा हात होता ते हेच डॉक्टर.

त्यांची आठवण होण्याचं कारण माझे एक रुग्ण. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला महिन्याकाठी येणारे निवृत्त गृहस्थ. सापेक्षता सिद्धांताचा पायाच चुकीचा आहे असं त्यांचं ठाम मत आहे आणि ते सिद्ध करणारी जाडजूड वही त्यांच्या पिशवीत कायम असते. त्यांच्या सगळ्या युक्तिवादाचा शेवट एकाच मुद्द्यावर होतो. आइन्स्टाइनसुद्धा पेटंट कचेरीतला कारकूनच होता, मग आपण का नाही? माणूस सज्जन आहे, प्रामाणिक आहे. त्यांना काय उत्तर द्यावं हे मला बरेच दिवस सुचत नव्हतं. शेवटी उत्तर सापडलं ते आमच्याच पेशातल्या या माणसाच्या चरित्रात.

गुलस्ट्रँड यांचा जन्म ५ जून १८६२ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या लांड्सक्रोना या बंदराच्या गावी झाला. वडील त्याच गावचे सरकारी डॉक्टर. मुलाला यंत्रांची आणि गणिताची आवड होती, पण तो वडिलांच्याच वाटेने गेला. उप्साला, व्हिएन्ना आणि स्टॉकहोम इथे वैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि १८९० मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय होता ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे चष्म्याच्या कागदावर ज्याला आपण सिलिंडरचा नंबर म्हणतो तो दोष. चारच वर्षांत, १८९४ मध्ये, ते उप्साला विद्यापीठात नेत्रविज्ञानाचे प्राध्यापक झाले. वय अवघं ३२.

त्यांनी भौतिकशास्त्राची रीतसर पदवी घेतलेली नव्हती. प्रकाशशास्त्र आणि त्यासाठी लागणारं अवघड गणित ते बहुतांशी स्वतःच शिकले. त्या काळी भिंगांची सूत्रं दुर्बिणी आणि कॅमेरे डोळ्यांसमोर ठेवून मांडलेली होती. काचेचं भिंग सगळीकडे सारखं असतं, त्याचा पृष्ठभाग सुबक घासलेला असतो. माणसाचा डोळा तसा नसतो. बुबुळाची बाहेरची पारदर्शक काच पूर्ण गोल नसते आणि आतलं नेत्रभिंग कांद्यासारखं थरांचं बनलेलं असतं. मधल्या गाभ्यात प्रकाश जास्त वळतो, बाहेरच्या थरांत कमी. गुलस्ट्रँड यांनी हे बारकाईने मोजलं. बाहेरच्या थराचा अपवर्तनांक १.३८६ आणि गाभ्याचा १.४०६. फरक दिसायला किरकोळ, पण त्यावरून त्यांनी एक मोठी गोष्ट दाखवली. जवळचं वाचताना आपलं नेत्रभिंग फुगतं, एवढं पूर्वी माहीत होतं. गुलस्ट्रँड यांच्या हिशेबाप्रमाणे फुगण्यामुळे फक्त दोन तृतीयांश काम होतं. उरलेलं एक तृतीयांश काम भिंगाच्या आतले थर जागा बदलतात त्यामुळे होतं.

त्यांनी माणसाच्या डोळ्याचा एक गणिती नमुनाही तयार केला. शांत अवस्थेतल्या डोळ्याची एकूण शक्ती सुमारे ५९ डायॉप्टर आणि त्यातली सुमारे ४३ एकट्या बुबुळाच्या काचेची. गुलस्ट्रँडचा डोळा या नावाने हा नमुना आजही विद्यार्थ्यांना शिकवला जातो. मोतीबिंदू काढल्यावर आत भिंग बसवण्याची सोय नव्हती, तेव्हा रुग्णांना सोडावॉटरच्या बाटलीच्या तळासारखा जाड चष्मा लागे आणि कडेचं सगळं वेडंवाकडं दिसे. ही अडचण कमी करणारी खास आकाराची भिंगं गुलस्ट्रँड यांनी जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या तंत्रज्ञांच्या मदतीने बनवली. १९११ मध्ये त्यांनी फटीचा दिवा लोकांसमोर मांडला. पुढे त्याला सूक्ष्मदर्शकाची जोड मिळाली आणि आजचा स्लिट लॅम्प तयार झाला.

त्याच वर्षी नोबेल मिळालं. भौतिकशास्त्राच्या नोबेल समितीनेही त्या वर्षी त्यांचाच विचार केला होता. त्यांनी वैद्यकाचं पारितोषिक घेतलं आणि भौतिकशास्त्राचं विल्हेल्म वीन यांना गेलं. एका माणसाचा एकाच वर्षी दोन विषयांत असा विचार व्हावा, हे फार दुर्मीळ. त्यानंतर गुलस्ट्रँड स्वतःच भौतिकशास्त्राच्या नोबेल समितीचे सदस्य झाले. १९१४ मध्ये विद्यापीठाने त्यांना रुग्णसेवेतून मोकळं करून प्रकाशशास्त्राचं खास प्राध्यापकपद दिलं.

इथे थोडं थांबून या माणसाच्या मनाचा विचार करावासा वाटतो. एक डॉक्टर भौतिकशास्त्रज्ञांना सांगतो की तुमची सूत्रं डोळ्याला लागू पडत नाहीत. तो एकटाच हिशेब करत बसतो आणि शेवटी बरोबर ठरतो. जगातला सर्वोच्च सन्मान त्याला मिळतो. अशा माणसाला पुढच्या वेळीही आपणच बरोबर असू असं वाटलं, तर त्यात नवल नाही.

पुढची वेळ आली ती आइन्स्टाइन यांच्या रूपाने. १९०५ मध्ये त्यांनी सापेक्षतेचा पहिला सिद्धांत मांडला. काळ आणि अंतर सगळ्यांसाठी सारखं नसतं, निरीक्षकाच्या गतीप्रमाणे ते बदलतं, असं त्यात होतं. १९१५ मध्ये त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत दिला. बुध ग्रहाची कक्षा दर शतकात थोडी सरकते आणि त्यातल्या ४३ विकलांचा हिशेब न्यूटनच्या नियमांनी लागत नव्हता. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून बरोबर तेवढाच आकडा निघाला. सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वळेल, असंही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञांनी ब्राझीलमधल्या सोब्राल आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून छायाचित्रं घेतली. नोव्हेंबरमध्ये लंडनला निकाल जाहीर झाला आणि आइन्स्टाइन एका रात्रीत जगप्रसिद्ध झाले.

प्रसिद्धीबरोबर विरोधकही आले. ज्यांनी समीकरणं पाहिलीसुद्धा नव्हती अशा अनेकांना आता सापेक्षतेबद्दल मत होतं. २४ ऑगस्ट १९२० रोजी बर्लिनच्या फिलहार्मोनिक सभागृहात पॉल वायलांड नावाच्या गृहस्थाने सापेक्षतेविरुद्ध जाहीर सभा भरवली. आइन्स्टाइन स्वतः तिथे बसून भाषणं ऐकत होते. पुढच्याच महिन्यात बाड नाउहाइम इथल्या अधिवेशनात नोबेल विजेते फिलिप लेनार्ड यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. १९३१ मध्ये तर शंभर लेखकांनी आइन्स्टाइनविरुद्ध मतं मांडल्याचं पुस्तकच निघालं. त्यातले अनेक जण भौतिकशास्त्रज्ञ नव्हतेच. कोणाला काळ बदलतो ही कल्पना सहन होत नव्हती, कोणाला समजत नव्हती, तर कोणाला आइन्स्टाइन ज्यू आहेत हेच खुपत होतं.

गुलस्ट्रँड या गर्दीतले नव्हते. त्यांनी सभा घेतल्या नाहीत की पत्रकं काढली नाहीत. त्यांचे आक्षेप गणिताचे होते आणि म्हणूनच ते जास्त वजनदार ठरले.

आइन्स्टाइन यांचं नाव नोबेलसाठी १९१० पासून जवळजवळ दरवर्षी येत होतं. १९२१ मध्ये समितीने सापेक्षतेवर सविस्तर अहवाल लिहिण्याचं काम गुलस्ट्रँड यांच्याकडे सोपवलं. त्यांनी महिनोन्‌महिने मेहनत केली. त्यांचे मुख्य आक्षेप दोन. पहिला, सापेक्षतेचे सांगितलेले परिणाम इतके सूक्ष्म आहेत की ते मोजमापातल्या चुकांच्या मर्यादेतच हरवून जातात. त्या वेळच्या उपकरणांचा विचार केला तर हा आक्षेप अगदीच अवाजवी नव्हता. ग्रहणाची छायाचित्रं खरोखरच धूसर होती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर होता. गुलस्ट्रँड यांनी आइन्स्टाइन यांची समीकरणं स्वतः सोडवली. सूर्यासारख्या एका गोलाभोवतीचं गुरुत्वाकर्षण कसं असेल, याचं उत्तर कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्येच काढलं होतं. गुलस्ट्रँड यांना दिसायला अगदी वेगळं असं दुसरं उत्तर मिळालं. फ्रान्सचे गणितज्ञ आणि माजी पंतप्रधान पॉल पँलव्हे यांनाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेच उत्तर मिळालं होतं. गुलस्ट्रँड यांचा निष्कर्ष असा, की ज्या सिद्धांतातून एकाच प्रश्नाची दोन उत्तरं निघतात, त्यातून बुधाचा आकडाही हवा तसा काढता येईल. मग त्याला पुरावा कसं म्हणायचं?

चूक नेमकी इथे होती. ती समजून घ्यायला तापाचं उदाहरण पुरेसं आहे. एका परिचारिकेने तापमान १०२ लिहिलं आणि दुसरीने ३८.९. आकडे वेगळे, पण ताप तोच. एक फॅरनहाइट, दुसरं सेल्सियस. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतात अवकाश आणि काळावर मोजपट्टी कशी आखायची, याचं स्वातंत्र्य गणित करणाऱ्याला असतं. पट्टी बदलली की समीकरणाचं रूप बदलतं. मात्र दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसणारी गोष्ट बदलत नाही. श्वार्झशिल्ड आणि गुलस्ट्रँड यांनी एकाच प्रदेशाचे दोन नकाशे काढले होते. गुलस्ट्रँड यांना ते दोन वेगळे प्रदेश वाटले. डोळ्याच्या शास्त्रात असा प्रश्न येत नाही. तिथे २४ मिलिमीटर म्हणजे २४ मिलिमीटर. आयुष्यभर ज्या सवयीने त्यांना यश दिलं होतं, तीच सवय इथे आड आली.

समितीने त्यांचा अहवाल मान्य केला. १९२१ चं भौतिकशास्त्राचं पारितोषिक त्या वर्षी कोणालाच दिलं गेलं नाही. ते राखून ठेवलं. वाट काढली ती उप्सालाचेच सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म ओसीन यांनी. १९२२ मध्ये ते समितीत आले. सापेक्षतेचा विषयच बाजूला ठेवून त्यांनी आइन्स्टाइन यांनी शोधलेला प्रकाशविद्युत परिणामाचा नियम पुढे केला. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन कसे बाहेर पडतात, याचा तो नियम. गुलस्ट्रँड यांचा त्याला विरोध राहिला नाही. नोव्हेंबर १९२२ मध्ये आइन्स्टाइन यांना १९२१ चं राहिलेलं नोबेल जाहीर झालं. त्यांना गेलेल्या पत्रात, सापेक्षतेचा विचार न करता हे पारितोषिक दिलं आहे, असं मुद्दाम नमूद केलं होतं. आइन्स्टाइन तेव्हा जपानच्या प्रवासाला निघालेले होते. पुढच्या वर्षी जुलैत त्यांनी स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे राजासमोर भाषण दिलं. विषय मात्र त्यांनी सापेक्षतेचाच घेतला.

गुलस्ट्रँड त्यानंतरही काही वर्षं समितीचे अध्यक्ष होते. १९२७ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले आणि २८ जुलै १९३० रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचं निधन झालं. तीनच वर्षांनी, १९३३ मध्ये, बेल्जियमचे धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी दाखवून दिलं की गुलस्ट्रँड यांचं उत्तर हे श्वार्झशिल्ड यांच्याच उत्तराचं दुसरं रूप आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. श्वार्झशिल्ड यांच्या नकाशात गोलापासून एका ठरावीक अंतरावर आकडे अनंत होतात आणि गणित अडकतं. गुलस्ट्रँड यांच्या नकाशात त्या जागी काहीच अडत नाही. पुढे कृष्णविवरांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा हाच नकाशा उपयोगी पडला. त्यात कृष्णविवर एखाद्या धबधब्यासारखं समजावता येतं. अवकाश नदीसारखं आत वाहत आहे आणि एका रेषेपलीकडे प्रवाहाचा वेग प्रकाशापेक्षा जास्त होतो. त्या रेषेपलीकडचा मासा कितीही जोरात पोहला तरी मागे येऊ शकत नाही. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आज हे गणित गुलस्ट्रँड आणि पँलव्हे यांच्या नावानेच शिकतात. सिद्धांत पाडण्यासाठी केलेलं काम त्याच सिद्धांताचं हत्यार झालं.

दरम्यान मोजमापंही सुधारली. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर मोबाइल आपल्याला भलत्याच गल्लीत नेईल. २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या आणि त्या टिपणारी भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभी राहणार आहे.

आता माझ्या वहीवाल्या रुग्णाचा प्रश्न. आइन्स्टाइन कारकून होते हे खरं, पण झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये ते भौतिकशास्त्र शिकले होते, आधीच्या लोकांचं काम त्यांनी अभ्यासलं होतं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, आपण चुकलो तर कुठे पकडले जाऊ हे त्यांनी आकड्यांत सांगितलं होतं. प्रश्न नोकरीचा किंवा पदवीचा नाही. गुलस्ट्रँड यांच्याकडे तर नोबेल होतं, तरी ते चुकले. पण त्यांनी आपला हिशेब छापला, म्हणून दुसऱ्या कुणाला तो तपासता आला, त्यातली चूक काढता आली आणि त्यातलं चांगलं ठेवून घेता आलं. मी त्या गृहस्थांना एवढंच सुचवलं, की वहीतला एक आकडा असा काढा जो आइन्स्टाइनपेक्षा वेगळा आहे आणि मोजता येतो. ते अजून त्यावर काम करत आहेत.

हा लेख लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते सांगायला मला जड जातं. काही वर्षांपूर्वी माझ्या नात्यातल्या एका मावशींचा रात्री फोन आला. डोकं भयंकर दुखतंय, दोन उलट्या झाल्या, एक डोळा लाल झालाय. मी फिजिशियन. पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव. अर्धशिशी आणि पित्त असं फोनवरच ठरवून गोळी सांगितली आणि सकाळी बघू म्हणालो. सकाळी दुखणं तसंच होतं, म्हणून आमच्या नेत्रविभागात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने त्यांची हनुवटी स्लिट लॅम्पवर टेकवली आणि मिनिटभरात निदान केलं. काचबिंदूचा तीव्र झटका. डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जायची वाट बंद होऊन दाब प्रचंड वाढला होता. उपचार लगेच सुरू झाले, दुसरा डोळा लेझरने सुरक्षित केला, पण त्या डोळ्याची नजर पूर्ण परत आली नाही. वाया गेलेली ती रात्र माझ्या खात्यावर आहे. मावशींनी मला कधी बोल लावला नाही. मीच त्यानंतर फोनवरून डोळ्यांचं निदान करणं बंद केलं.

म्हणून वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं. एका डोळ्यात अचानक तीव्र वेदना, लाली, धूसर दिसणं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं आणि सोबत डोकेदुखी किंवा उलट्या, अशी लक्षणं असतील तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ असतील अशा रुग्णालयात जावं. पन्नाशीपुढच्या स्त्रिया आणि दूरचं बघायलाही प्लस नंबर लागणाऱ्या व्यक्ती यांना हा धोका जास्त असतो. घरात डॉक्टर असले तरी जावं.